अंबादास मास्तरांची खिडकी

अंबादास मास्तर कोणतीही वस्तू आधी उलटी करून बघत. चादर दाखवली तर तिचा कोपरा उलटा, साडी दाखवली तर तिचा पदर उलटा. एकदा तर भर मांडवात त्यांनी नवरदेवाच्या शेल्याचं टोक उचलून मागची बाजू न्याहाळली. नवरदेव ओशाळला. मास्तर शांतपणे म्हणाले, "सुलट बाजू कुणालाबी जमते की. धागे कुटं लपवलेत ते मागनं दिसतं." नवरदेव म्हणजे त्यांचाच होणारा जावई. त्यांची लेक रेणुका माझ्या शाळेतली विद्यार्थिनी, म्हणून मी त्या लग्नाला गेले होते आणि हा सगळा प्रकार समोरच्या खुर्चीतून पाहिला होता.

त्यांची माझी खरी ओळख मात्र झाली आमच्या चर्चमध्ये, आणि तिथंही त्यांनी तेच केलं. मी दार उघडून "या आत" म्हणून उभी, आणि हे गृहस्थ आत यायचं सोडून भिंतीला वळसा घालून मागे गेले. तिथं कडुनिंबाच्या पाचोळ्यात उभं राहून, हात मागे बांधून, त्यांनी आमच्या फुटक्या खिडकीकडे बाहेरच्या अंगानं पाच-सात मिनिटं पाहिलं. बाहेरून रंगीत काचेची खिडकी म्हणजे काय दिसणार? धुळीनं काळपटलेल्या काचा आणि शिशाच्या पट्ट्यांचं जाळं. मी शाळेत मुख्याध्यापिका होते. मला ताटकळत ठेवलेलं खपत नाही. पण आत आल्यावर त्यांनी जे वाक्य टाकलं त्यानं मी माझा राग विसरले. म्हणाले, "बाई, हे काच न्हाय. हे विणकाम हाय."

आमचं चर्च काळ्या दगडाचं, जुनं. आत पाच रंगीत खिडक्या. त्या विलायतेहून बोटीनं मुंबईला आणि तिथून आगगाडीनं सोलापूरला आल्या, गवत भरलेल्या पेट्यांमधून, एकाही काचेला तडा न जाता, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आणि पाहुण्यांना ऐकवत आलो. सोलापुरात चादरी आणि शेंगाचटणी सोडून आहे काय, असं विचारणाऱ्या पुण्याच्या नातलगांना मी मुद्दाम सकाळच्या उपासनेला त्या खिडक्यांखाली नेऊन बसवते. निळा, तांबडा आणि मधासारखा पिवळा उजेड त्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर पडला की ते आपोआप गप्प होतात.

पाचांतली सगळ्यांची लाडकी खिडकी वेदीच्या शेजारची, उत्तम मेंढपाळाची. हरवलेलं मेंढरू छातीशी धरून उभा असलेला ख्रिस्त. उन्हाळ्यात एका संध्याकाळी अवकाळी वादळ आलं आणि कडुनिंबाची फांदी नेमकी तिच्यावर कोसळली. वरचा चेहरा, मेंढरू आणि हात वाचले. खालचा निम्मा भाग गेला. आमच्या माळ्यानं दुसऱ्या दिवशी इतकी चोख झाडलोट केली की निम्मे तुकडे घंटागाडीत गेले. उरलेले मी बिस्किटांच्या डब्यात भरून ठेवले.

मी पंचकमिटीची सेक्रेटरी. कमिटीत एकच विचार पुढं आला की साधी काच बसवावी आणि तिच्यावर छापील रंगीत कागद चिकटवावा. एकानं मोबाईलवर नमुनाही दाखवला, त्यातला ख्रिस्त शाम्पूच्या जाहिरातीतल्यासारखा दिसत होता. मला रात्रंदिवस तेच डोळ्यांसमोर यायला लागलं. एकदा बाजारात रेणुका भेटली, तिच्यापाशी मी हे दुःख मोकळं केलं. ती म्हणाली, "बाई, आमच्या बाबांना दाखवता का? काच त्यांना येत नाही, पण ग्राफ येतो."

हा ग्राफ म्हणजे काय ते सांगायला हवं. चादरीवरचा मोर किंवा कमळ मागावर यायच्या आधी कागदावर यावं लागतं. बारीक चौकटींच्या कागदावर एकेक चौकट रंगवायची. एक चौकट म्हणजे एक धागा. त्या चौकटींवरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात आणि त्या भोकांच्या हुकमानं माग धागा उचलतो. पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या वस्तीत अंबादास मास्तरांनी चाळीस वर्षं हे काम केलं, आणि त्यांना मास्तर म्हणतात ते त्यावरूनच. मग कॉम्प्युटर आला आणि मास्तर घरी बसले. सोलापूरच्या कितीतरी घरांत त्यांचे मोर आणि त्यांची कमळं अजून पांघरली जातात. पण चादरीच्या कोपऱ्यात विणलेलं असतं ते कारखान्याच्या मालकाचं नाव. मोर काढणाऱ्याचं नाव कुठंच नसतं.

हे त्यांनीच मला सांगितलं, तक्रारीच्या सुरात नव्हे, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. आणि मग खिडकीचं काम घ्यायचं ठरल्यावर, चर्चच्या पायऱ्या उतरता उतरता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, एक इच्छा हाय. काम पटलं तर खाली कोपऱ्यात माझं नाव घालू द्या. बारकं. दिसलं न्हाय तरी चालंल, पण असू द्या." मी म्हणाले, "अहो, त्यात काय! घाला की." पंचकमिटीला न विचारता मी हा शब्द देऊन टाकला. असले शब्द देण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

मग सुरू झाली त्यांची शिकवणी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी. शिशाच्या पट्ट्या जोडायचं त्यांनी गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या रशीदभाईंकडे शिकून घेतलं. रशीदभाई त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, पण गुरू कडक. "चाचा, हात हल्का रक्खो. ये रेडिएटर नै, नाजूक काम है," असं ते ओरडायचे आणि मास्तर मान खाली घालून ऐकायचे. जुन्या घरांच्या पाडकामातून निघालेल्या रंगीत काचा त्यांनी भंगारवाल्यांकडून हुडकल्या. काचेवर काळी रेघ काढून ती भाजून पक्की करावी लागते. त्यासाठी समाधीच्या फरशीवर फोटो भाजून देणारा एक कारागीर गाठला. आम्ही आधी विचारलेल्या मुंबईच्या काचवाल्यांनी जे काम आपल्या इथं होणारच नाही म्हणून सांगितलं होतं, ते सोलापूरच्या एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत फिरत हळूहळू आकाराला यायला लागलं. ते सांगताना आजही माझी मान ताठ होते, आणि ती मी ताठच ठेवते.

दर रविवारी ते चर्चमध्ये येऊन शेवटच्या बाकावर बसायचे. पाळकसाहेबांना वाटलं, उपदेश आवडतो. मास्तरांनी त्यांचा गैरसमज प्रेमानं दूर केला. "साहेब, तुमचं बोलणं चांगलंच असतं. पण मी उजेड बगायला येतो. साडेआठला निळा रंग जागा होतो, आन् तांबडा साडेनवाला. तांबडा आळशी हाय." पाळकसाहेब इतके हसले की पुढच्या रविवारी त्यांनी उपदेशातही आळशी तांबड्याचा दाखला दिला.

काम घरीच, विडी घरकुल या कामगार वसाहतीतल्या दोन खोल्यांत. बायको नरसाबाई दारात विड्या वळत बसलेल्या आणि आत चौकटीच्या कागदांवर ख्रिस्ताची पावलं. मी गेले की दोघांत तेलुगूत काहीतरी कुजबुज व्हायची आणि चहा यायचा. मास्तरांना घाई केलेली चालायची नाही. मी घाई करायचेच. "कधी होणार, मास्तर?" असं विचारलं की ते म्हणत, "घाईचा धागा सैल पडतो, बाई. आज दिसत न्हाय. तिसऱ्या धुण्याला दिसतो."

एकदा त्यांनी मला वाचलेल्या भागातला ख्रिस्ताचा हात दाखवला. मनगटाच्या जरा वर तीन बारीक तांबड्या रेघा होत्या. "हे काय लागलंय ह्यांच्या हाताला?" मी शाळेतल्या ठसक्यात सांगितलं, "खिळ्यांच्या खुणा आहेत त्या. क्रुसावरच्या." त्यांनी आपला तळवा पुढं करून पाहिला. "खिळे तळव्यात मारले म्हणता ना? हे तर वर हाय. आन् ओरखडा हाय हा." मी म्हटलं, "चित्रकारानं जरा वर काढल्या असतील." विषय संपला. म्हणजे मी संपवला.

खरी अडचण होती खालच्या डाव्या कोपऱ्याची. तिथं काय चित्र होतं, ते कोणालाच सांगता येईना. त्या कोपऱ्यापुढे गीतांच्या पुस्तकांचं उंच कपाट होतं, माझ्या जन्माच्या आधीपासून. जुने फोटो काढून पाहिले, तर प्रत्येक लग्नाच्या फोटोत खिडकी म्हणजे एक पांढरा झगझगीत चट्टा, आणि खाली कपाट. डब्यातल्या तुकड्यांत त्या बाजूचे म्हणून थोडे हिरवे-तपकिरी चुरे सापडले. उजव्या कोपऱ्यात तीन मेंढरं माना वर करून उभी होती, हे मात्र सगळ्यांना आठवत होतं. मास्तरांनी मला विचारलं. मी म्हणाले, "डावीकडेही मेंढरंच असणार. खाली हिरवं गवत."

त्यांना ते लगेच पटलं, आणि का पटलं ते चादरीवाल्यालाच कळेल. चादरीचं डिझाईन कधी पूर्ण काढत नाहीत. अर्धं काढायचं, उरलेलं अर्धं माग आरशातल्यासारखं फिरवून विणतो. उजवीकडे मोर, तर डावीकडे त्याच्याकडे तोंड केलेला मोर. चाळीस वर्षं ज्या माणसानं उजवीकडची गोष्ट डावीकडे फिरवली, त्यानं उजवीकडची तीन मेंढरंही फिरवली. त्यांच्या लेखी रिकामी बाजू म्हणजे पहिल्या बाजूचंच राहिलेलं काम. एकाला तरी शंका यावी की नाही? नाही आली. खिडकी ईस्टरआधीच्या, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी बसली आणि कपाट तिच्यापुढून हलवलं. दोन्ही बाजूंना तीन-तीन मेंढरं, मधे मेंढपाळ. उजव्या कोपऱ्यात मेंढरांच्या पायांखाली बोटभर रुंदीची एक कोरी, बिनरंगी काच. "ही नावाची जागा," मास्तर म्हणाले. "तुमच्या कमिटीनं हो म्हणलं की भरतो."

दुसऱ्या दिवशी उपासनेला दानिएलराव आले. दानिएलराव म्हणजे आमच्या कमिटीचे अध्यक्ष, वय सत्त्याऐंशी, खुब्याच्या ऑपरेशनसाठी वर्षभर मुलाकडे पुण्याला होते आणि त्याच आठवड्यात परतले होते. उपासना संपली. लोक खिडकीपुढे उभे राहून मास्तरांचं कौतुक करत होते. पुढच्या रविवारी, ईस्टरला, बिशपसाहेब येऊन तिचं समर्पण करणार होते. दानिएलराव काठी टेकत पुढं आले, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "सुंदर आहे. पण चूक आहे. डावीकडे मेंढरं नव्हती."

मीच विचारलं, "मग काय होतं?"

"काटेरी झुडूप होतं. कपाट यायच्या आधी माझी आई मला त्या कोपऱ्यापाशी बसवायची. म्हणायची, बाळा, मेंढरू यात अडकलं होतं. प्रभूनं हात घालून काढलं, म्हणून त्याच्या हातावर बघ ओरखडे." ते मास्तरांकडे वळले. "झुडूप नसेल तर त्या हाताला रक्त कशाचं आलं, सांगा."

मास्तरांचा चेहरा मी पाहिला. त्यांना राग आला नव्हता. ज्या प्रश्नाचं उत्तर मी ठसक्यात चुकीचं दिलं होतं, ते बरोबर उत्तर त्यांना आत्ता मिळत होतं. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. मी घाईघाईनं म्हणाले, "ईस्टर आठवड्यावर आलाय. बिशपसाहेब येतायत. राहू द्या आता. झुडूप कोणाला आठवतंय?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. दानिएलरावही म्हणाले, "राहू द्या. मेंढरं काही वाईट नाहीत. मी फक्त सांगितलं."

मास्तर मला म्हणाले, "बाई, तुमच्या पोरीनं गणित चुकवलं आन् उत्तर मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, तर मार्क देता?" आयुष्यभर मी तसा अर्धा मार्कही कधी दिला नव्हता.

सोमवारी सकाळी रशीदभाईंना घेऊन ते आले आणि दहा महिन्यांचं काम त्यांनी आपल्या हातानं उतरवलं. सगळं नाही, डावा भागच. पण शिसं उकलताना शेजारच्या दोन काचाही गेल्या. रशीदभाईंचे डोळे भरले होते. मास्तर कागदावर कोणती काच कुठली ते लिहून ठेवत होते. भोक उघडं राहायला नको म्हणून त्यांनी घरून एक चादर आणली आणि ताणून बसवली. पांढऱ्या जमिनीवर निळी कमळं, त्यांचंच डिझाईन. ईस्टरच्या दिवशी बिशपसाहेबांनी खिडकीत चादर पाहिली आणि पाळकसाहेबांना हळूच विचारलं. पाळकसाहेबांनी सगळी हकीकत सांगितली. बिशपसाहेब उपदेशाच्या ठिकाणी उभे राहून म्हणाले, "आज समर्पण नाही. पण चुकीचं काम उतरवायला जी छाती लागते, तिच्यासाठी आपण प्रार्थना करू." मी मागे वळून पाहिलं. मास्तर शेवटच्या बाकावर होते. चादरीच्या कोपऱ्यातलं मालकाचं नाव त्यांनी व्यवस्थित आत दुमडलं होतं, ते मला पुढच्या रांगेतून दिसलं.

झुडूप काढायचं तर कसलं काढायचं? मोबाईलवर मी त्यांना परदेशी काटेरी झुडपांचे फोटो दाखवले. त्यांनी मान हलवली. "ह्यात मेंढरू अडकतं का? मी बगितलं न्हाय. बगितलेलं काढतो." म्हणून आम्ही रिक्षा करून मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागलो. माळावर एक धनगर मेंढरं चारत होता. मास्तरांनी त्याला सरळच विचारलं की मेंढरू कशात अडकतं. तो आम्हा दोन म्हाताऱ्यांकडे बघून हसला आणि त्यानं काठीनं बोराटीची, म्हणजे रानबोरीची, जाळी दाखवली. मास्तरांनी विचार न करता मनगटापर्यंत हात आत घातला.

"हात घालू नगा, पावणं," धनगर म्हणाला. "हिचा काटा आकड्यावानी हाय. आत जाताना काय करत न्हाय. भाईर येताना धरतो."

उशीर झाला होता. मास्तरांनी हात बाहेर काढला तेव्हा मनगटाच्या जरा वर तीन-चार लाल रेघा उठल्या होत्या. धनगरानं पाण्याची बाटली पुढं केली. मास्तर हात धुवायलाच तयार होईनात. "बाई, फोटो काढा, फोटो काढा," म्हणाले. "तीच जागा हाय. बगा, तीच जागा. ज्यानं काढलं त्यानं हात घालून बगितला होता." त्या रखरखत्या माळावर रक्ताळलेला हात पुढं करून हसणाऱ्या त्या माणसाचा फोटो अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे. विलायतेतल्या कुठल्याशा कारागिराशी त्यांची त्या क्षणी ओळख झाली होती, आणि मला त्यांचा हेवा वाटला.

पुढं दोन महिन्यांनी झुडूप बसलं. बोराटीचंच, आकडीच्या काट्यांसकट, आणि एका काट्याला लोकरीचा पांढरा पुंजका. तो पुंजका जुन्या खिडकीत होता की नाही, कोण जाणे. दानिएलराव खिडकीपुढे उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. "मास्तर, ऐंशी वर्षांनी आईशेजारी बसल्यासारखं वाटलं," एवढं बोलून त्यांनी मास्तरांचा हात दोन्ही हातांत धरला.

त्याच आठवड्यात मी कमिटीत नावाचा विषय काढला. तेच दानिएलराव चष्मा सावरत म्हणाले, "बाई, तुम्ही शब्द द्यायला नको होता. चर्चमध्ये जिवंत माणसाचं नाव लावत नाही. देवाच्या घरात आपल्या डोळ्यांदेखत आपलं नाव नको, म्हणून जुन्या लोकांनी नियम केलाय. मी नाव फक्त निवर्तलेल्यांचं लावू देईन." मी वाद घातला, चिडले, उठून गेले. नियमापुढे माझं काही चाललं नाही. मास्तरांना सांगायला मीच गेले.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मंग थांबतो की. मला कुटं गाडी पकडायचीय?" आणि हसले. मलाही हसू आलं. घरी आल्यावर मात्र रडले.

पुढच्या जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेची गर्दी शहरात असताना, मास्तर गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यात पोहोचायच्या आतच संपलं. घरासमोर पूर्व भागातले कितीतरी जुने विणकर जमले होते, आणि त्यांच्यात काठी टेकून दानिएलराव आणि टोपी हातात घेतलेले रशीदभाई.

कमिटीची बैठक दानिएलरावांनी स्वतःच बोलावली. एक सभासद म्हणाले, "पण ते आपल्या मंडळीतले नव्हते." वाईट हेतूनं नाही, नियम म्हणून. दानिएलराव उठून उभे राहिले. त्यांना उभं राहायला वेळ लागतो. "मी त्यांना त्यांच्या हयातीत नाही म्हणालो. नियम बरोबर होता आणि तरी मला झोप आली नाही. आता ते गेले. आता नियम त्यांच्या बाजूला आहे. आपल्यापैकी किती जणांनी या खिडकीसाठी काट्यात हात घातला, तेवढं सांगा." ठराव लिहिताना माझं अक्षर कधी नव्हे ते वेडंवाकडं आलं.

अक्षरं कोणी काढायची हा प्रश्न रेणुकानं सोडवला. बापाच्या कागदांच्या गठ्ठ्यात तिला एक जुना, पिवळा पडलेला ग्राफ सापडला होता. त्यावर एकच शब्द होता, चौकटी-चौकटींनी रंगवलेला: अंबादास. कधी काढला, कुठल्या चादरीसाठी, ठाऊक नाही. तो कधी मागावर चढला नव्हता. समाधीवरचे फोटो भाजणाऱ्या कारागिरानं तो जसाच्या तसा कोऱ्या काचेवर उतरवून भाजला आणि रशीदभाईंनी ती काच बसवली. बसवताना ते "हात हल्का, हात हल्का" असं स्वतःलाच सांगत होते.

पुढच्या रविवारी मी नरसाबाईंना घेऊन आले. त्या कधी चर्चमध्ये आल्या नव्हत्या. चप्पल बाहेर काढून, पदर डोक्यावर घेऊन त्या खिडकीपुढे उभ्या राहिल्या. झुडूप बघितलं, मेंढपाळाचा हात बघितला. मग मला म्हणाल्या, "बाई, मालकाचं नाव कुटं लिवलंय?"

मी म्हटलं, "इथं मालकाचं नाव नसतं. इथं काम करणाऱ्याचं आहे. खाली कोपऱ्यात बघा."

नरसाबाई उतारवयात लेकीकडून वाचायला शिकलेल्या. दुकानांच्या पाट्या वाचतात तशा त्या वाकल्या आणि एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचू लागल्या. "अं... बा... दा... स." शेवटचं अक्षर तोंडातून गेलं आणि त्या थबकल्या.

रेणुका माझ्या कानाशी म्हणाली, "बाई, आईनं आजवर बाबांचं नाव घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. रेशनच्या दुकानातसुद्धा मला सांगायला लावायची."

नरसाबाईंनी जीभ चावली नाही की पदर तोंडाला लावला नाही. त्या सरळ उभ्या राहिल्या आणि पुन्हा एकदा, आता न अडखळता, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांनी आपल्या नवऱ्याचं नाव वाचलं.